मानपत्राचा कच्चा मसुदा

कापणीच्या सणाला सत्कार ठरला आहे.
शाल, श्रीफळ, फ्रेम केलेले मानपत्र.
मजकूर मी लिहायचा, चिटणीस म्हणून;
बावीस वर्षे मंडळीच्या वहीत
हेच अक्षर चालत आले आहे.

पहिली ओळ सोपी गेली:
श्रीमती एलिशाबा ताभाने, निवृत्त परिचारिका,
राहणार गड्डीगोदाम.
पुढे ‘समावेश आणि न्याय’ लिहिले
आणि पेन अडले.
हे शब्द बाईंच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत.
ऐकले ते एवढेच, मे महिन्यात, कमिटीच्या खोलीत,
कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून:
‘काऊन जी? मेल्यावरही मागंच उभं करता का तिला?’

ती म्हणजे सलोमी.
बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात सॅम्युएल,
सदरच्या सिग्नलवर ज्याच्या तोंडी येईल ते.
रविवारी शेवटच्या बाकावर, दाराशी.
प्रभुभोजनाचा प्याला तिथवर पोचता पोचता
रिकामा व्हायचा.
आम्ही कधी मोजले नाही.
बाईंनी मोजले होते: अकरा वेळा.
बाराव्या वेळी त्या स्वतः मागे जाऊन बसल्या
आणि हाती आलेला प्याला
ओठ न लावता तिला दिला.
तळाशी घोटभर होते.

ती गेली तेव्हा
दोन दिवस मेयोत पडून होती.
आम्ही ठराव केला: नाव रजिस्टरातलेच,
जागा कुंपणाकडची.
हात वर करून मते घेतली.
मोजणी माझ्याकडे होती.
माझा धरून नऊ.

पाळकसाहेब रजेवर होते, असे वहीत आहे.
बाईंनी तिला आंघोळ घातली,
लिपस्टिक कोणती, ते मैत्रिणींना विचारून लावली.
याकोब गेडामने क्रूस जोडला
कूलरच्या जुन्या स्टँडचा अँगल कापून
(चर्चच्या पायऱ्यांवरचा उतारही त्याचाच,
डॉर्कसच्या चाकाच्या खुर्चीसाठी;
त्याचे बिल अजून आमच्याकडे आहे)
आणि वेल्डिंगच्या थेंबांनी लिहिले: सलोमी.
परवानगी विचारली नाही.
बेचाळीस अंशांत, कुंपणाकडे नाही, मधोमध,
प्रार्थना बाईच म्हणाल्या.
मध्येच शब्द विसरल्या.
तिथे चंपाने टाळी वाजवली,
सिग्नलवर वाजते तीच, कडक.
मग रुबिनाने, मग सगळ्यांनी.
मी फाटकाबाहेर स्कूटरवर होतो.
आमेन इतके मोठे
आमच्या चर्चमध्ये कधी झालेले नाही.

मसुदा दाखवायला काल गेलो.
बाई ओट्यावर वाटाणे सोलत होत्या.
हात पदराला पुसून चष्मा लावला,
बोट ठेवत ठेवत वाचले.
‘शनिवार नव्हता जी, शुक्रवार होता.
आन् हे काय लिहून राह्यले,
मंडळीने तिला निरोप दिला?
कोणत्या मंडळीनं?’

मी खोडायला घेतले.
‘खोडू नका. नावं लिहा.’

लिहिली. चंपा, रुबिना, याकोब,
कबर खणणारा बाबूलाल,
फुलांचे पैसे न घेणारी गंगुबाई.
खाली जागा उरली
तिथे नऊ हातही लिहिले.
अक्षरक्रमाने हिवराळे शेवटी येतो.
तो मी पहिला घेतला.

फ्रेमवाला म्हणतो, एवढं मावत नाही ना जी,
थोडं कमी करा.
मी म्हटले, काच मोठी घ्या.