पहिल्या ओळीत

आर्वीच्या कॉलेजात सर शिकवत होते, क्लास क्लासकडून वारसा घेतो.
फळ्यावर प्राणी लिहिला, खाली कुत्रा,
कुत्रा भुंकला.
पुस्तकातला कुत्रा नेहमी भुंकतोच.

मी वहीत मोटार लिहिली.
खाली पाणबुडी मोटार, गिरणीची, कुलरची.
तिघींना फिरणं वरूनच आलं,
पुन्हा लिहायचं काम नाही.
पाणबुडीचं सुरू होणं तेवढं निराळं,
ते खोडून माझ्या हातानं लिहिलं.

तळेगाव फाट्यावर टिनाच्या शेडात
उकंडा मिस्त्री, म्हणजे माझे बाबा,
जळकं वाइंडिंग छिन्नीनं कापून काढतात,
नव्या तारेचे फेरे मोजतात.
गिऱ्हाइकानं रामराम घातला तरी ओठ चालूच,
अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास.
मी कॉलेजचा जिना मोजत चढते.
हे मला कुणी शिकवलेलं नाही.

मागच्या बाकावरून तिरमारे म्हणाला,
सर, बापाचं जे प्रायव्हेट असतं, त्याचं काय होतं?
सर म्हणाले, तेही उतरतं.
लेकराच्या आत त्याची जागा असते,
फक्त लेकराला त्याला हात लावता येत नाही.
लिहून घ्या, चार मार्कांना येतं.

त्या चार मार्कांपायी माझी पाचची एसटी चुकली.

बल्लारशाची नोकरी सोडून
बाबा तीन महिन्यांत परत का आले?
आई म्हणते, कोणास ठाऊक.
आत्या म्हणते, जेवण कर.
मी पुण्याच्या हॉस्टेलचा फॉर्म
तीनदा भरला, तीनदा फाडला,
आणि मलाही सांगता येत नाही का.

रात्री अडीचला लाइन आली.
शेडात ते, मी, आणि मागून आणलेला लॅपटॉप.
प्रोग्राम चालेना. लाल अक्षरात एकच तक्रार:
पहिल्या ओळीत वरच्याला हाक मारा,
आणि रिकाम्या हातानं मारू नका,
त्याला काहीतरी द्यावं लागतं.

"काय म्हन्ते थे?"
म्हणते, आधी मोठ्याले विचारा.
"मंग इचार ना."

बल्लारशा अगदी जिभेवर आलं होतं.
मी विचारलं, पाच एचपीले फेरे किती?

"बासष्ट."
मग छिन्नी खाली ठेवून,
"जुन्या बॉडीले चौसष्ट. थे कोन्या पुस्तकात नाई."

कंसात चौसष्ट टाकलं.
चाललं.

बोलण्याच्या नादात त्यांची मोजणी चुकली होती.
काही न बोलता त्यांनी गुंडाळलेली तार उलगडली,
सगळी,
आणि एकपासून धरली.