रिटच

पहिल्या रात्री हनुवटीखालून टाळूवर आवळलेली पट्टी,
कानामागून निघालेली बारीक नळी,
नळीच्या टोकाला रबरी फुगा
आणि फुग्यात माझंच रक्त, दोन चमचे,
पातळ केलेल्या कोकमासारखं.
सिस्टर मेटिल्डा म्हणाल्या, हसायचं नाही, चावायचं नाही,
वाकायचं नाही, उशा तीन,
आणि मान वळवायची तर सगळ्या अंगानं वळायचं,
बैलगाडी वळते तसं.

राजारामपुरीत, एका बोळातल्या स्टुडिओत
सव्वीस वर्षं मी लोकांचे चेहरे दुरुस्त केले.
आप्पासो फोटो काढायचे, मी आत बसायचे.
तिरप्या काचेवर निगेटिव्ह, मागून दिवा,
सुईसारखी तासलेली पेन्सिल.
निगेटिव्हवर सुरकुती उजळ दिसते,
ती शिशानं भरत जायची, श्वास रोखून.
कुणाला सूज आली नाही.
कुणाला स्ट्रॉनं प्यावं लागलं नाही.

तिसरा दिवस वाईट असतो, एवढं डॉक्टर बोलले होते.
न्हाणीतल्या आरशात कुणीतरी बाई,
गुऱ्हाळावर मधमाश्या डसल्यासारखी,
गाल तट्ट, डोळ्यांच्या नुसत्या फटी.
मी रडले, म्हणजे पाणी आलं.
चेहरा काही त्यात सामील झाला नाही.

आप्पासोंनी पांढरा रस्सा आणला,
चहाच्या गाळणीतून गाळून, मिरं नाही, मसाला नाही.
म्हणाले, असला रस्सा केला हे बाहेर सांगू नकोस,
गल्लीत राहू देणार नाहीत.
हसायचं नव्हतं. टाके ओढले गेले.
का केलंस, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.
बरं झालं. पाठ केलेली तीन उत्तरं होती,
एकही खरं नव्हतं.

साज गुजरीत मोडला तेव्हा सोनाराने पानं मोजली, एकवीस.
आठव्या दिवशी गालावरचं निळं खाली उतरायला लागलं,
गळ्यावर येऊन थांबलं,
आधी जांभळं, मग हिरवं, मग जुन्या गुळाचं पिवळं,
बरोबर साज असायचा तिथं.

बुचडे वहिनी दारात. तोंड का बांधलंया?
दाढ काढली.
दोन्हीकडची? एकदम?
स्कार्फ नीट करत मी मान हलवली,
सगळ्या अंगानं.

एकदा कसबा बावड्याचा एक जण फोटो परत घेऊन आला होता.
आईचा, बाराव्याच्या आदल्या दिवशी.
पाकीट टेबलावर ठेवून म्हणाला,
ही कोण बाई? आमची आई न्हाई ही.
मी स्पिरिटचा बोळा घेतला,
माझं अख्ख्या दुपारचं काम पुसून काढलं,
आणि लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या पाण्यात
त्याची आई परत आली, सगळ्या घड्यांसकट.
सिस्टर मेटिल्डा टाक्यांवरून बोळा फिरवतात
तेव्हा तोच वास येतो.
काही पुसलं जात नाही.

तिसऱ्या आठवड्यात, अंधार पडल्यावर, गंगावेशीत दूध प्यायला गेले.
म्हैस पिळता पिळता तो म्हणाला,
वहिनी, गावाकडं जाऊन आलासा जणू?
झोप झाल्यागत दिसतीया.
याच्यासाठीच तर मोडला होता साज.
पेल्याचा फेस ओठाला लागला, गालाला लागला,
गालाचा मला कळला नाही,
आप्पासोंनी पुसला तेव्हा कळलं की होता.

कानांचं तर अजून काहीच खरं नाही.
कुडी घालताना आरशात बघून घालावी लागते.
फोन लावते तेव्हा आवाज येतो,
फोन लागत नाही.
डॉक्टर म्हणतात, सहा महिने, कधी वर्ष,
नसा आपल्या वाटेनं येतात, घाई करत नाहीत.

काल रात्री डाव्या पाळीला मुंगी चावल्यासारखं झालं.
दिवा लावला. उशीवर मुंगी नव्हती.
दिवा मालवून तशीच बसून राहिले,
कान पुढं करून,
पुन्हा चावेल म्हणून.