स्थलांतरास मनाई

नावात मोकळी जागा चालत नाही,
हा आमच्याकडचा पहिला नियम.
म्हणून करपे आणि झेंडे
चौदा वर्षांपूर्वी चिकटले ते चिकटलेच:
करपेझेंडे डॉट इन.
रबरी शिक्के, पितळी सील, नंबरिंग मशीन,
बुधवार पेठ, पासोड्या विठोबाच्या अलीकडे, पहिला मजला.

करपे गेले मार्चात.
एप्रिलात त्यांच्या आश्लेषाचा ईमेल:
नाव वडिलांच्या खात्यावर आहे, माझ्या खात्यावर घ्या.
मे महिन्यात झेंड्यांचा वकील:
नाव धंद्याचं आहे, हलवाल तर याद राखा.
मी दोघांना एकच उत्तर धाडलं.
बाणेरला सातव्या मजल्यावर बसून मी हेच करते,
फक्त वरची नावं बदलते:
तक्रार प्रलंबित असेपर्यंत सदर नाव
कोणाच्याही खात्यातून कोणाच्याही खात्यात जाणार नाही.
'सदर' हा शब्द मला आवडतो.
त्याच्याआड उभं राहता येतं.

आमच्याकडे प्रत्यक्ष कोणी येत नाही.
झेंडे आले.
मनपाहून बस धरून, कापडी पिशवीत फाईल घेऊन,
लिफ्ट बंद म्हणून सात मजले चढून.
पाणी प्यायले, ग्लास पालथा ठेवला.
कुलूप लावलंय म्हणता ना? दाखवा.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.
एकच ओळ होती, इंग्रजी, शब्दात शब्द घुसलेले.
मराठी करून सांगितलं, स्थलांतरास मनाई.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून त्या ओळीला बोट लावलं.
पेरात जांभळी शाई, आता न जाणारी.
हिच्यातही फट नाही की, म्हणाले.

मग चावी कोणाकडे?
चावी म्हणजे सोळा अक्षरं, काका.
कुलूप निघालं की मालकाच्या ईमेलवर जातात.
मालक कोण?
नोंदीत करपे.
त्यांचा ईमेल उघडायचा तर आकडा येतो त्यांच्या फोनवर,
फोन आश्लेषाकडे,
आणि पासवर्ड?
झेंडे पहिल्यांदा हसले.
पासवर्ड मला ठाऊक आहे.
त्याच्या कुठं लक्षात राहायला, मीच ठेवलेला.

हे मी ऐकलं नाही.
ऐकायचं नसतं आम्ही.

जाताना टेबलावर एक शिक्का ठेवला,
आमच्या कंपनीच्या नावाचा, नमुना म्हणून, फुकट.
मी उलटा करून पाहिला तर अक्षरं आरशातली.
नाव असं उलटंच कोरायचं असतं बाई,
कागदावर पडलं की होतं सुलटं.
चाळीस वर्षं मी करप्याचं नाव उलटंच वाचलं.
हे कौतुकाने म्हणाले की रागाने, कळलं नाही.
जिन्यात बराच वेळ त्यांच्या चपला वाजत होत्या.

नऊ नोव्हेंबरला मुदत संपत होती.
नियमांत खाली एक बारीक कलम आहे:
वादातलं नाव मुदत संपली म्हणून मरू द्यायचं नाही.
पैसे दोघांपैकी कोणीही भरावेत,
भरल्याने हक्क सिद्ध होत नाही.

सकाळी नऊ बावीसला आश्लेषाने भरले.
नऊ चाळीसला झेंड्यांनी.
आठशे एकोणपन्नास, दोनदा.
यंत्राने पहिले घेतले,
दुसरे परत करायला माझ्याकडे टाकले.

मी फोन लावला. मागे पितळेवर कानस चालली होती.
परत कशाला पाठवता? पुढच्या वर्षाला धरा.
केस काय, चालेल.
कानस थांबली.
आणि मी भरले हे तिला कळवू नका.

दुपारी आश्लेषाचा ईमेल, एका ओळीचा,
वकिलाला प्रत न लावता:
काकांनीही भरले का, एवढंच सांगा.

'सदर' लिहिलं.
पुढे काही सुचेना.
शिक्का समोरच आहे, कोरडा,
शाईचं पॅड आणायचं राहूनच गेलंय.