माणिकला उत्तर

कधी येऊ, विचारतेस.
तिकिटासाठी दोन महिने आधी कळायला हवं, असंही लिहितेस.
बरं. वही घेऊन बस.

ऐन संक्रांतीला नको, तेव्हा धारची मंडळी असतात,
आठ जण आणि न्हाणीघर एक.
पण आगेमागे ये, इंदुरात थंडी हाडात शिरते तेव्हा.
सराफ्यातली सोन्याची दुकानं बंद झाली
की त्यांच्याच पायऱ्यांवर भेरूलाल कढई मांडतो.
गराडू एकदा तळतो, निवू देतो, मग पुन्हा सोडतो.
दुसऱ्या खेपेला तेल बोलायला लागतं.
द्रोण दोन्ही तळव्यांत धरायचा, आधी बोटं शेकायची.
वरून जिरावन पडतं, विटेच्या भुकटीच्या रंगाचं.

रंगपंचमीला आलीस तर जुनी साडी आण.
राजवाड्यापुढून गेर जाते,
टँकरमधला रंग तिसऱ्या मजल्यावरच्या वाळवणापर्यंत पोचतो,
रोजचा दूधवालाही ओळखू येत नाही.
ठंडाई इतकी गार की कपाळात कळ जाते.
हिरवी मात्र तुला मिळणार नाही.
मागच्या वेळी तू टपालपेटीला वाकून नमस्कार केला होतास
आणि आशीर्वादाची वाट बघत उभी राहिलीस.

उन्हाळ्यात येऊच नको म्हणणार होते,
पण शिकंजी आहे.
तुमची ती लिंबाची नव्हे. आमची दुधाची,
चमचा उभा राहील अशी,
मधेच बेदाणा दाताखाली येतो.

अनंत चतुर्दशीची रात्र तर तू पाहिलेलीच नाहीस.
गिरण्यांचे भोंगे बंद पडून किती वर्षं झाली,
तरी त्यांच्या नावाच्या झाँक्या निघतात, दिव्यांनी लगडलेल्या.
माझे सासरे साच्यावर होते.
शेवटपर्यंत गाडीमागून चालत जायचे,
पायांत चप्पल नाही, तोंडानं सगळ्यांना बाजूला सारत.
आम्ही ओट्यावर पहाटे चारपर्यंत.
शेजारी कुणीतरी किसणीवर कणीस घासत असतं, खर्र खर्र,
आणि मोठ्या पातेल्यात भुट्ट्याचा कीस
दुधासकट श्वास घेत असतो.

दिवाळीआधी आमच्या मंडळाची जत्रा.
दमयंती झोकरकर आणि मी, एकोणीस नंबरचा स्टॉल,
पुरणपोळी आणि कटाची आमटी, बावीस वर्षं.
या वर्षी आमटीत मी मीठ तीनदा घातलं.
लोक वाटी अर्धी ठेवून उठले.
पैसे परत कुणी मागितले नाहीत,
तेच जास्त लागलं.
दमयंतीनं पळीभर चाखलं,
काही न बोलता गॅस बंद केला
आणि माझ्या हातातली पळी काढून घेतली.

आता सांगते.
आषाढातल्या तापानंतर मला चव नाही.
वासही नाही. दूध उतू गेलं तर आवाजानं कळतं.
डॉक्टर म्हणतात, येईल.
कधी, ते त्यांनाही कुणी सांगितलेलं नाही.
वरचं सगळं पुन्हा वाचून बघ, माणिक,
कुठे गोड नाही, कुठे तिखट नाही.
लिहिता लिहिता माझ्याही आत्ताच लक्षात आलं.

म्हणून महिना तूच ठरव.
मी हल्ली सकाळी सराफ्यात जाऊन उभी राहते.
न्यारिये येतात, दुकानांपुढची धूळ कुंचल्यानं गोळा करतात.
रात्रीची शेव, मक्याचा दाणा, सांडलेलं जिरावन,
सगळं पाटीत.
घरी नेऊन धुतात, धुतात,
आणि तळाशी कधी सोन्याचा कण निघतो, कधी नाही.
ते रोज येतात.

गाडी पहाटे साडेचारला पोचते. मी फलाटावर असेन.
सामान कमी आण, जीभ मात्र विसरू नकोस.
भेरूलालचा पहिला तुकडा तू खा,
घाई न करता,
आणि मग मला सांग.
छान आहे, असं म्हणू नकोस.
छान तर सगळेच म्हणतात.