मानस

रात्रीचे पावणेदोन. बांबोळीच्या प्रयोगशाळेत
पंख्याने नोंदवहीचं पान उलटतंय.
पिएदाद कुलासो, वय अडुसष्ट, आगशी.
नमुन्याच्या रकान्यात नर्सने लिहिलंय:
पेजेच्या निवळीसारखं.

काचेवर एक थेंब. काळोख्या पडद्यावर
स्वल्पविराम सुसाट धावतायत,
कुठलंच वाक्य न थांबवता.

उद्या हिरव्या माध्यमावर पिवळ्या टिकल्या उगवतील,
मग वर कळवायचं, तीन प्रतींत.
मला मात्र आत्ताच दिसतंय
तिच्या आतड्याचं अस्तर,
आमच्या नेवऱ्याच्या खाजणासारखं,
कोरगुटाच्या रोपांइतकं दाट,
पेशीला पेशी खेटून,
मधल्या फटी चिखलाने लिंपाव्यात तशा लिंपलेल्या.

मानस म्हणजे मन नव्हे आमच्याकडे.
बांधातलं लाकडी दार.
भरतीच्या रेट्याने मिटतं,
ओहोटीला उघडतं, कुणी हात न लावता.
माझा बाप कुष्टा म्हणायचा,
या दाराला राखणदार नको,
फक्त कोणी शहाणपण शिकवू नये.

विष आलं ते बांध फोडून आलं नाही.
पाच पाकळ्यांनी टेकलं भिंतीवरच्या साखरेला
(साखर पेशीनेच लावलेली, ओळखीसाठी)
आणि पाचांच्या मधला सहावा
पाहुण्यासारखा आत नेला गेला.
आत त्याने काही मोडलं नाही.
एका खटक्यात पाचर मारली.
दार उघडं ते उघडंच.
फक्त इथे पाणी उलटं वाहतं, शेतातून खाडीकडे:
मीठ निघालं, मिठामागे पाणी,
बादलीमागून बादली,
डोळे खोल गेले, बोटं
दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतली.
आणि भिंत शाबूत. एक पेशी जागची हललेली नाही.

आमच्या शेतात खारं शिरलं त्या सकाळीही
गावकार बांधावरून दोनदा चालून आले.
भगदाड नव्हतं. कुर्लीचं बीळसुद्धा नव्हतं.
दाराच्या सांध्यात बांबूची चीप सापडली, वीतभर.
मानशीचा लिलाव घेतलेल्या जुझेवर संशय गेला.
त्याने खुरसावर हात ठेवला, तरी गेला.
बापाने वर्षभर रेशनचा तांदूळ शिजवला.

मी अकरा वर्षांची होते.
मला सुंगटं हवी होती, ओंजळभर.
दार थोडा वेळ अडून राहिलं की येतात,
हे मी बघून शिकले होते.
मग झोप आली.

म्हणून या स्वल्पविरामांना शत्रू म्हणताना
माझी जीभ अडते.
त्यांना पिएदादशी काही देणंघेणं नाही.
त्यांना फक्त बाहेर पडायचंय. पुढचं पाणी,
पुढचा खुबा, पुढचं तोंड.

पाचर उपसायचं औषध नाही.
चार-पाच दिवसांत त्या पेशी आपणच गळतात,
तळातून नव्या चढतात, आपापलं दार घेऊन.
तोवर भरत राहायचं.
साखर मिठाचा हात धरून दुसऱ्याच एका दाराने आत जाते,
त्या दाराला विषाने हात लावलेला नसतो.
शेताला तीन वर्षं लागली.

सकाळी अहवाल घेऊन मीच वॉर्डात गेले.
पिएदाद उशीला टेकून बसलेली, हातात पेला.
"हें किदें गो? ना पेज, ना उदक."
मग म्हणाली, खुबे भावजयीने उकडले होते,
अर्धे कच्चे. तिचं नाव घाल तुझ्या कागदावर.
मी म्हटलं, कारणाच्या रकान्यात माणसांची नावं लिहीत नाहीत.
"मगे कोणाचीं बरयता?"

मी पेला पुन्हा भरून दिला.

जुझे अजून आहे. मडगावला, मुलीकडे.
कानाने कमी ऐकतो म्हणे.
नंबर आहे माझ्याकडे.