पाणी गेल्यास जबाबदारी नाही

जिंतूर रोडच्या शोरूममध्ये एसी एवढा
की द्रौपदानं पदर कानावरून घेतला.
समोर तिसरा कागद आला.
पहिल्यावर गाडीची किंमत, ती आमची पाठ होती.
दुसऱ्यावर आरटीओ, विमा, फास्टॅग.
तिसऱ्यावर नुसते चौकोन,
बरोबरची खूण करायला.

पोरगी मानवतची. छातीवर पाटी : शिवकांता.
गोड बोलत होती, घाई नव्हती तिला.
काका, गाडीला खालून गंजरोधक कोटिंग.
मी म्हणालो, बाई, गंजायला आधी पाणी लागतं,
आमच्या गल्लीत नळ येतो बाराव्या दिवशी.
ती हसली. चौकोन खोडला नाही,
पेन फक्त खालच्या ओळीवर नेलं.

सीट कव्हर. मडफ्लॅप. दाराच्या कडांना रबर.
किल्ली हरवली तर नवी किल्ली.
उंदरानं वायर कुरतडली तर तेही.
द्रौपदा तिथं थांबली :
"उंदराचं किती म्हनलीस?"

मी एकोणचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली,
शनिवार बाजारात, तीन बाय चारच्या टपरीत.
काचेवर लाल रंगानं लिहिलेलं :
गॅरंटी सहा महिने.
पाणी गेल्यास जबाबदारी नाही.
लोक सातव्या महिन्यात यायचे
आणि मनगट असं पुढं करायचे
जसं काही मीच बंद पडलोय.
पावती कधी मागितली नाही.
दिलीच नव्हती.

आता ही म्हणते,
दोन वर्षं कंपनीची, वर तीन वाढीव,
पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटर,
जे आधी होईल ते.
मी मान हलवली,
आणि टेबलाखाली बोटं मोजायला लागलो.
सेलूला बहिणीकडं, महिन्यातून एकदा.
औंढ्याला सोमवारी, तेही श्रावणातले.
नांदेडला डोळ्यांचा डॉक्टर.
गंगाखेडकडची लग्नं, जेवढी टाळता येत नाहीत तेवढी.
वर्षाला सहा हजार, लई झालं तर सात.
लाख भरेपर्यंत मी शहात्तरचा.

जे आधी होईल ते.
साठी उलटलेल्या माणसासमोर
हे वाक्य जरा हळू म्हणावं.

"काय इचार करायलाव?"
"काही नाही. गिअरबॉक्सचा."
खोटं नव्हतं अगदी.
चाकं, दाते, मला कळतात.
सेन्सर कळत नाही.
भिंगातून दिसत नाही ते बिघडलं
तर मी कुणापुढं मनगट करू?

बावीस हजार चारशे.
पैसे दोघांचे, जास्तीचे तिचे,
अंगणवाडीतून सुटल्यावर मिळालेले.
तिनं पेन घेतलं. उंदरावर खूण केली.
मग रात्री रस्त्यात गाडी बंद पडली
तर मदतीला येणाऱ्या माणसावर बोट ठेवलं.
"खरंच येतो का?"
"चोवीस तास, मावशी."
"नाव काय त्याचं?"
शिवकांतानं कागद उलटून बघितला.
मागं काही नव्हतं.
द्रौपदानं तरीही खूण केली.

राहिला वाढीव वॉरंटीचा चौकोन.
शिवकांताचं घड्याळ सात मिनिटं मागं होतं,
आल्यापासून डोळ्यात खुपत होतं माझ्या.
काढ, म्हणालो, सेल नाही गेला, धूळ असेल आत,
चिमटा खिशात आहे.
"राहू द्या काका.
मी सात मिळवूनच वाचते."

मी चौकोन तसाच सोडला.
ऑफर आजच्यापुरती होती, तिनं दोनदा सांगितलं,
तिसऱ्यांदा नाही.

आठ दिवसांनी चार लिंबं चाकाखाली फुटली,
कुणीतरी फोटो काढला,
आणि भर दुपारी, सीटवरचं प्लॅस्टिक न काढता,
आम्ही बाहेर पडलो.
वसमत फाट्याच्या आधीच द्रौपदा वाकली,
काट्यांच्या मधला आकडा वाचला.
"चौदा दाखवायलाय."
हो.
"आपून तर आत्ता बसलो.
मग हे चौदा कोन फिरलं?"