तिसरी पायरी

रविवारी सकाळी सात. सराफ्याच्या तोंडाशी
अजून रात्रीच्या तेलाचा वास.
एकवीस माणसं, माणशी अडीचशे,
एक कुत्रं फुकट.
मी छत्री उंच धरते. ऊन नाही, पाऊस नाही,
छत्री ही माझी पदवी.

"हे कापसाचे शेठ, ते अफूचे,
हे दोन्हीचे, आणि म्हातारपणी धर्मशाळेचे."
इथे दर वेळी हसतात.
खांब ओतीव लोखंडाचे: बोटीनं मुंबई,
पुढे रेल्वे, पुढे बैल.
पाथरवटांची नावं शोधली मी एकदा;
वहीत सापडलं एवढंच, 'असामी चाळीस'.

सोगाणी हवेलीपाशी आवाज खाली आणते.
शेठ किस्तुरचंद मारवाडातून लोटा घेऊन आले,
तो म्हणे अजून तिजोरीत आहे.
पाहुण्यांचा चहा नोटा जाळून उकळायचे.
किती नोटा? कुणीतरी विचारतंच.
आकडा मी वाढवत नेलाय.

मग जिना. दिवा गेलेला,
मोबाइल खिशातून निघेपर्यंत काळोख.
"तिसरी पायरी…" मी म्हणणार होते,
ती बोटभर उंच आहे, सगळे अडखळतात,
सात वर्षं झाली, मीही.
राखाडी सफारीतले म्हातारे पुढे होते.
त्यांनी तिथे, नेमका तिथेच, पाय जरा वर उचलला.
न बघता. जिऱ्याची गोळी चघळत.

गच्चीत मी त्यांना पाणी दिलं.
"नोटा नाही जाळत होते," इंदुरी मराठीत,
बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू.
"आलेली पाकिटं उसवून
आतल्या बाजूनं हिशेब मांडायचे.
आम्ही पोरं उसवून द्यायचो. डिंक खरवडायला
हे नख वाढवलं होतं मी."

पोरं म्हणजे घरातली? मुनीमजींची? स्वयंपाक्याची?
माझ्या यादीत नुसतं 'घीसालाल',
आडनावाचा रकाना कोरा.
विचारलं नाही.
करंगळी एकदा उजेडात धरून पाहिली त्यांनी
आणि उतरून गेले, कठड्याला हात न लावता.

पुढच्या रविवारी नोटा मी जाळल्याच.
पाकिटं बघायला
कोण पहाटे उठून येतं?
फक्त जिन्याशी छत्री मिटली,
कुणाला सावध केलं नाही,
आणि मागे थांबून
अंधारात चढणारे पाय ऐकत राहिले.